हातात तांब्या, 35 मिनिटं

(ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे नील म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

नील तेव्हा 12 वर्षांचा होता. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजोबांनी बांधलेलं बैठं घर, मागच्या अंगणाच्या कडेला न्हाणीघर. घरात आई, वडील आणि आजी. वडील पतसंस्थेत नोकरीला, आई घरीच ब्लाउज शिवायची. ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालेलं. स्वतःहून बोलायचे शब्द साधारण 40. बाकी बोलणं ऐकलेलंच, त्याच चालीत परत म्हणलेलं. शाळा जिल्हा परिषदेची. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 18 वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क दिला आहे, त्यामुळे शाळेत त्याचं नाव होतं, बाकही होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी. महिन्यातून दोनदा त्या गावी जायचे, मधल्या दिवसांत फोन.

नीलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून झालं होतं. त्यासाठी आपल्याकडे आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मापनश्रेणी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि त्यांच्या बेरजेवरून अपंगत्वाची टक्केवारी ठरते. सवलतींसाठी तो कागद लागतोच. पण सकाळी साडेसातला न्हाणीघरात काय होतं ते त्या कागदावरून कळत नाही, आणि मी पहिलं वर्षभर तरी कागदाच्याच बाजूने विचार करत होते. अक्षरं, मणी ओवणं, कात्री धरणं असं आमचं चाललं होतं.

काय झालं

एप्रिलमध्ये आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. ती पाच दिवस दवाखान्यात होती आणि पुढे दीड महिना वजन उचलायला मनाई. तोवर नीलची आंघोळ रोज आईच घालायची. म्हणजे आमचा सगळ्यांचा समज तसा होता.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पाणी काढून दिलं, "आंघोळ कर" म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले. 35 मिनिटांनी परत आले तर नील पाटावर बसलेला. कपडे काढून बाजूला ठेवलेले, हातात भरलेला तांब्या, अंग कोरडं ठणठणीत. पाणी गार होऊन गेलेलं. वडिलांना बघून त्याने मान वर केली. वडील वैतागून म्हणाले, "अरे ओत की!" त्याने लगेच ओतलं आणि परत थांबला.

वडिलांनी त्याच दिवशी मला फोन केला. त्यांचं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "ताई, ह्याला आंघोळ येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. येते की! फक्त दर वेळी बटण दाबावं लागतं."

अडचण नेमकी कुठे होती

जूनमध्ये आई बरी झाल्यावर आम्ही मोजून बघितलं. आंघोळीच्या 14 पायऱ्या पाडल्या. कपडे काढण्यापासून पुसून नवे कपडे घालेपर्यंत. तीन दिवस आईने नेहमीसारखं केलं आणि मी न्हाणीघराच्या दाराशी आड उभी राहून तिचे शब्द टिपले. नीलला हाफ पँट घालून बसवलं होतं. हा हाफ पँटचा निर्णय माझा, आणि तो पुढे मलाच नडला.

आई म्हणायची, "हं, पाणी घे. अजून एक. हं, साबण. हाताला. दुसऱ्या. शाब्बास. पोटाला." एका आंघोळीत 60च्या वर सूचना. तिला स्वतःला वाटत होतं आपण पाच-सहा वेळा बोलतो.

चौथ्या दिवशी तिला गप्प राहायला सांगितलं. 14 पैकी दोनच पायऱ्या त्याने आपणहून केल्या, कपडे काढणं आणि पाटावर बसणं. दोन पायऱ्या, म्हणजे पाठीला साबण आणि डोकं धुणं, त्याला सांगूनही जमत नव्हत्या. उरलेल्या दहा सांगितल्या की बिनचूक, न सांगता शून्य.

म्हणजे हात तयार होते. प्रत्येक पायरीच्या आधी आईचा आवाज येतो हे त्याने आठ-नऊ वर्षं इतकं पक्कं शिकलं होतं की तो आवाज त्याच्या लेखी आंघोळीचाच एक भाग होता, साबणासारखा. आमच्या क्षेत्रात याला प्रॉम्प्टवर, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या सूचनेवर किंवा इशाऱ्यावर, अवलंबून राहणं म्हणतात. तोंडी प्रॉम्प्ट सगळ्यांत सोपा वाटतो आणि काढून घ्यायला सगळ्यांत अवघड असतो. हात धरून केलेली मदत मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर अशी सरकवत कमी करता येते. शब्द एक तर असतो, नाही तर नसतो. "शाब्बास"सुद्धा नीलसाठी कौतुक उरलं नव्हतं. "पुढचं कर" एवढाच त्याचा अर्थ होता.

आधी काय, यावरून झालेली चर्चा

वडिलांना आंघोळ हा विषय पहिल्या क्रमांकावर नको होता. नीलला सही करता यावी, हे त्यांना आधी हवं होतं. पतसंस्थेतल्या माणसाला सही महत्त्वाची वाटणारच, पण त्यामागे खरा प्रश्न होता तो "आमच्यानंतर काय" हा. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, हे मी त्यांना सांगितलं. सही येवो न येवो, ती सोय आहे. पण जो कोणी उद्या नीलबरोबर राहील त्याला सहीने फार फरक पडणार नाही. रोज सकाळी वाढत्या मुलाला आंघोळ घालावी लागते की नाही, याने पडेल. शिवाय वय 12. पुढच्या वर्षभरात शरीर बदलणार. अंगाला दुसऱ्याचा हात लागणं हेच ज्याला रोजचं आणि साहजिक, त्याला चुकीचा हात ओळखायला शिकवायचं कसं?

या शेवटच्या मुद्द्यावर वडील गप्प झाले आणि म्हणाले, "करा सुरू."

आजींचा विरोध वेगळा होता. "आवं ताई, आंधळ्याची काठी काढून घेताय व्हय?" असं त्यांनी तोंडावर विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

कोणकोणते मार्ग होते

मदतीला बाई ठेवणं हा घरच्यांनी सुचवलेला पहिला मार्ग. परवडलाही असता. पण मग आईच्या जागी बाईचा आवाज आला असता, बाकी सगळं तेच.

निवासी केंद्रात सहा महिने ठेवायचं, हे एका नातेवाइकाचं म्हणणं. तिथे शिकून आला तरी घरच्या न्हाणीघरात, घरच्या तांब्याने करेलच याचा भरवसा नव्हता. जिथे शिकलं तिथेच ते राहतं, हे ऑटिझममध्ये फार दिसतं.

आईच्या सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करून लावायच्या, ही माझीच कल्पना होती. ती वडिलांनी खोडून काढली आणि बरोबर खोडून काढली. "मग लाइट गेली की?" मोबाइलचा आणि लाइटचा तसा संबंध नाही, पण मुद्दा कळला. बटण तेच, फक्त हलवून दुसरीकडे बसवलेलं.

चित्रांचा तक्ता. हा आमच्या धंद्यातला ठरलेला उपाय, आणि मी तो करून बघितला. 14 चित्रं, लॅमिनेट करून भिंतीवर. नीलने पहिल्याच दिवशी लॅमिनेशनचा कोपरा शोधला आणि सगळा तक्ता शांतपणे सोलून काढला. चित्रांतल्या मुलाकडे त्याने बघितलंही नाही.

राहिला तो मार्ग असा की वस्तूंनीच क्रम सांगावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभ्या केलेल्या आणि 1972 पासून त्या राज्यात चालवल्या गेलेल्या टीच पद्धतीत हे बसतं. काम डावीकडून उजवीकडे मांडायचं, झालेलं शेवटच्या टोपलीत टाकायचं. किती करायचं आणि कधी संपलं, हे माणसाने न सांगता मांडणीने सांगायचं.

मांडणी

न्हाणीघरातल्या कट्ट्यावर लांबट ट्रे ठेवला. डावीकडून साबण, मग अंग घासायचा पंचा, मग टॉवेल, मग घड्या केलेले कपडे. उजवीकडे खाली रिकामी टोपली. वापरून झालं की टोपलीत.

पाण्याचा प्रश्न मात्र ट्रेने सुटत नव्हता. साबणाआधी किती तांबे, साबणानंतर किती? नीलला पाचपर्यंत मोजता येत होतं, पण पाणी ओतताना मोजणं आणि बसल्या जागी मणी मोजणं यात फरक आहे. हा गुंता आईने सोडवला. तिने दोन बादल्या ठेवल्या. छोटी हिरवी, मोठी लाल. हिरवी संपली की साबण, लाल संपली की टॉवेल. बादलीचा तळ दिसला की थांबायचं, मोजायचं काही नाही. इतकी वर्षं काम करून मला हे सुचलं नव्हतं.

दोन्ही बादल्या प्लॅस्टिकच्या घेतल्या. जुन्या स्टीलच्या बादलीत तांब्या आपटला की नील कान झाकायचा. त्यात त्याचे दोन्ही हात अडकायचे आणि आम्ही समजायचो तो टाळाटाळ करतोय.

गरम पाणी काढणं आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलं. बादल्या मोठ्याच माणसाने भरायच्या. यावर मी आणि वडील दोन आठवडे वाद घालत होतो. त्यांचं म्हणणं, अर्धवट स्वावलंबन काय कामाचं. माझं म्हणणं, भाजला तर पुढची दोन वर्षं न्हाणीघरात पाऊल टाकणार नाही. माझं चाललं.

मदत काढायची कशी

शेवटाकडून. नव्या कौशल्यासाठी शेवटची पायरी आधी शिकवत उलट येतात, त्याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. आम्ही तसंच गप्प बसणं शेवटाकडून आणलं. पहिल्या आठवड्यात आई टॉवेलपर्यंत नेहमीसारखी बोलणार, टॉवेलपासून पुढे एक शब्द नाही. अडला तर मनात दहा मोजायचे, मग मागून येऊन त्याचा कोपर ट्रेच्या दिशेला हलकेच सरकवायचा. तोंड बंद.

शेवटाकडून सुरू करण्याचं आणखी एक कारण आजींकडे होतं. या घरात आंघोळीशिवाय देवघरात जायचं नाही, हा नियम नीलच्या जन्माआधीपासूनचा. आणि नीलला घंटा अतोनात आवडायची. बादलीचा आवाज नकोसा, घंटा मात्र स्वतः वाजवलेली हवी. तेव्हा बक्षीस म्हणून बिस्किट-चॉकलेट काही आणलं नाही. कपडे घालून आला की आजी पूजेला बसणार आणि घंटा त्याच्या हातात. आजींना मी एवढंच सांगितलं की हाक मारायची नाही, तो आल्यावरच सुरू करायचं. ज्या आजी काठी काढून घेताय म्हणाल्या होत्या त्या चौथ्या दिवसापासून देवासमोर वाती वळत 20-20 मिनिटं थांबायला लागल्या. एकदा वडिलांनी घाई केली तर त्यांनाच म्हणाल्या, "गप बस, यील त्यो."

गप्प राहणं आईला सगळ्यांत जड गेलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, माझ्या जिभेला सवय आहे हो, मी काय करू?" मग ती तोंडात लवंग धरून बसायला लागली. लवंग दाताखाली असली की आठवण राहते. रोज किती पायऱ्या बोलल्याशिवाय झाल्या तो आकडा ती कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

एक न ठरवलेली गोष्ट

तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाजावरून कळेना ती हसतेय की रडतेय. नील न्हाणीघरात एकटाच बोलत होता. "हं, साबण. हाताला. दुसऱ्या. शाब्बास. पोटाला." तिच्याच सुरात, तिच्याच जागी थांबत. आणि करत होता.

इथे मला खरोखर ठरवावं लागलं. ऐकलेलं परत म्हणण्याची सवय मोडायची असं पूर्वी बऱ्याच ठिकाणी शिकवलं जायचं, आणि शाळेतल्या बाईंचंही तेच मत होतं. माझ्या मनात दुसरी भीती होती. आपण आवाज काढून घ्यायला निघालो आणि तो त्याने आत नेऊन ठेवला. हे यश म्हणायचं की तेच परावलंबन? दोन दिवस विचार केला. आपण नाही का किल्ली शोधताना "गॅस बंद, मोटर बंद" असं पुटपुटत? आवाज आता त्याच्या ताब्यात होता. आईला सांगितलं, अडवू नका, दुरुस्तही करू नका.

सप्टेंबरपर्यंत त्यातले बरेच शब्द गळून गेले. "शाब्बास" राहिलं. ते तो अजूनही म्हणतो.

दोन फटके

ऑगस्टच्या शेवटी कालनिर्णयवर 11, 12 असे आकडे दिसायला लागले. डोकं धुण्यासाठी रविवारी वडील आत जायचे, पाठीसाठी लांब पंचा दोन्ही हातांनी ओढायला शिकवला होता. मग लक्षात आलं की नील हाफ पँट काढत नाहीये. मी जूनमध्ये निरीक्षणासाठी घातलेली ती पँट त्याच्यासाठी नव्या पद्धतीचा भाग झाली होती. ओली पँट तशीच ठेवून वरून कोरडी घालायचा. सुटायला पाच आठवडे लागले: आधी जुनी, सैल पँट, मग पंचा गुंडाळून, मग पंचा ट्रेमध्ये त्याच्या जागी. निरीक्षण करायचंच होतं तर मी वडिलांना शिकवून त्यांच्याकडून टिपून घ्यायला हवं होतं. मुलाच्या आंघोळीच्या वेळी बाहेरच्या बाईने दाराशी उभं राहणं मुळातच चूक होतं, आणि पँट ही ती चूक झाकायची सोय होती.

दुसरा फटका दिवाळीचा. नरक चतुर्दशीला पहाटे अंधारात उठवलं, तेल लावलं, उटणं लावलं, साबण दुसरा, त्याचा वास दुसरा. ट्रेचा क्रम कोलमडला. नीलने हिरवी बादली उपडी केली आणि अंगणात जाऊन बसला. भाऊबीजेला पुण्यात मामाकडे शॉवर. तिथे तर त्याने न्हाणीघरात पायच टाकला नाही. दिवाळीनंतर आकडा 12 वरून पाचवर आला.

याचा अंदाज मला यायला हवा होता, कॅलेंडर तर समोरच लटकत होतं. नोव्हेंबरभर आम्ही उलटं काम केलं. दर तीन-चार दिवसांनी मुद्दाम एकच गोष्ट बदलायची. वेगळा साबण. टॉवेल दुसऱ्या रंगाचा. एकदा संध्याकाळी आंघोळ. मामाकडे पुढच्या वेळी जाताना दोन्ही बादल्या आणि तांब्या गाडीत घातले. मामी हसली, पण आंघोळ झाली.

कुठवर आलो

मार्चमध्ये नील 14 पैकी 13 पायऱ्या एकटा करत होता, दार लोटून, 20 मिनिटांच्या आत. डोकं धुणं अजून वडिलांकडे. पाणी अजून मोठी माणसं काढतात. आईने सकाळी शिवणाची मशीन लावायला सुरुवात केली आहे. न्हाणीघरातून आवाज आला नाही की तिचा पाय मशीनवर थांबतो, असं ती म्हणते.

शाळेत मात्र काहीही आपोआप गेलं नाही. डबा समोर ठेवून तो बाईंच्या "खा"ची वाट बघायचा, घरी आंघोळ एकट्याने करणारा तोच मुलगा. डब्यासाठी परत पहिल्यापासून, बाईंच्या शब्दांची मोजणी करून सुरुवात करावी लागली.

परत करायचं झालं तर

पँटचं वर सांगितलंच. दुसरं, मी आईपासून सुरुवात केली कारण आई नेहमीची होती. 12 वर्षांच्या मुलासाठी वडिलांपासून करायला हवी होती. वडील तयार नव्हते असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी त्यांना विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तेव्हा त्यांनी एका दमात हो म्हटलं.

तिसरं राहून गेलं ते गेल्या महिन्यात कळलं. आई ट्रेमध्ये टॉवेल ठेवायला विसरली. नीलने लाल बादली संपवली, टॉवेलच्या जागी हात नेला, काही नाही. त्याने वाट बघितली नाही, हाकही मारली नाही. दार उघडून तसाच, निथळत, अंगण ओलांडून दोरीवरचा टॉवेल काढायला गेला. शेजारच्या काकू गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. आजी देवघरातून घंटा हातात घेऊनच धावल्या.

वस्तू नसली तर मागायची, हे 14 पायऱ्यांमध्ये कुठेच नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा आम्ही ट्रेमधली एक वस्तू मुद्दाम काढून ठेवतो. वडील दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभे असतात, तोंडात लवंग.